सायकल, स्त्रिया आणि सावकाश जाणारी मंडळी

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राज्यारोहणे आपल्यापुढे उभी राहतात. परंतु जिन्याखाली भिंतीला टेकवून ठेवलेल्या वस्तूलाही इतिहास असतो, आणि कित्येकदा तो आपल्याला अधिक जवळचा असतो. सायकल ही अशीच एक वस्तू. तिच्याविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले, पण ते बहुधा पुढे धावणाऱ्यांविषयी. कोण किती वेगाने गेला, कोणी कोणती शर्यत जिंकली, हेच त्यात अधिक. प्रस्तुत लेखात मागून येणाऱ्यांची हकीकत सांगावयाची आहे. अंगाने स्थूल, वयाने प्रौढ, मनाने भित्र्या, "आता या वयात मला काय जमणार?" असे म्हणणाऱ्या स्त्रिया चाकावर कशा बसल्या आणि त्यांना कोणाची सोबत लाभली, याची ही हकीकत आहे.

हा विषय आपल्या स्मरणिकेसाठी का, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. आपल्यापैकी कित्येकींना शाळेच्या वयात सायकल येत होती. पुढे लग्न झाले, मुलेबाळे झाली, अंग भरले, रस्त्यावरची रहदारी वाढली, आणि सायकल सुटली ती सुटलीच. पुन्हा बसावे असे मनात येते, पण दोन भीती आड येतात. एक पडण्याची, आणि दुसरी हसे होण्याची. पहिली भीती थोड्या सरावाने जाते. दुसरी मात्र एकटीने जात नाही, तिला चारचौघींची सोबत लागते. इतिहासही हेच सांगतो.

सायकलची पूर्वज म्हणता येईल अशी दोन चाकांची गाडी जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल ड्राइस या गृहस्थाने १८१७ साली चालवून दाखवली. तिला पायडल नव्हते. लाकडी बैठकीवर बसून दोन्ही पायांनी जमीन मागे रेटीत पुढे जावयाचे, एवढीच तिची युक्ती. पायडल आले ते १८६० नंतर, फ्रान्समध्ये. पुढे १८७० च्या सुमारास ती प्रसिद्ध उंच सायकल निघाली; पुढचे चाक माणसाच्या छातीइतके आणि मागचे वीतभर. तिच्यावरून पडणे म्हणजे डोक्यावर पडणे. ती तरुण, सडपातळ आणि धाडसी पुरुषांचीच गाडी होती. स्त्रियांना, वयस्करांना आणि वजनदार मंडळींना तिच्यावर स्थान नव्हते.

मग त्यांनी काय केले? त्यांनी तिचाकी धरली. ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही, पण आपल्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे. इंग्लंडमध्ये जेम्स स्टार्ले याने केलेली तिचाकी इतकी लोकमान्य झाली की १८८१ साली खुद्द व्हिक्टोरिया राणीने तशा दोन मागवल्या. राणीसाहेबांचा देह काही नाजूक नव्हता, आणि वय तेव्हा साठीच्या पुढे होते! याच काळात दोघांनी शेजारी शेजारी बसून चालवावयाच्या तिचाक्याही निघाल्या. जिला भीती वाटते तिच्या बाजूला जाणती व्यक्ती बसलेली असावी, ही कल्पना तेव्हापासूनची आहे.

यानंतर दोन शोध लागले आणि सारे चित्र पालटले. १८८५ साली कॉव्हेंट्री येथे जॉन केंप स्टार्ले याने दोन्ही चाके जवळजवळ सारखी असलेली, साखळीने चालणारी सायकल केली. आपल्या आजच्या सायकलीचा सांगाडा तोच. आणि १८८८ साली बेलफास्ट येथे डनलॉप या जनावरांच्या डॉक्टराने हवा भरलेला टायर तयार केला. पाय जमिनीजवळ आले, दणके कमी झाले. लवकरच मधली आडवी दांडी खाली वाकवून झग्यासह बसता येईल अशी स्त्रियांची सायकलही निघाली. साखळीवर झाकण आणि चाकावर जाळी आली, म्हणजे कपडा अडकू नये. आपण जिला लेडीज सायकल म्हणतो ती हीच.

सायकल मिळाली, तरी मोकळीक मिळाली नाही. त्या वेळच्या काही डॉक्टरांनी एक विलक्षण रोग शोधून काढला. त्याचे नाव 'सायकलचा चेहरा'. तोल सांभाळण्याच्या ताणाने स्त्रीचा चेहरा कायमचा ओढल्यासारखा होतो, डोळे वटारलेले राहतात, असे ते गंभीरपणे लिहीत. असा रोग कधी नव्हताच. परंतु त्या लिखाणाने किती जणींचा उत्साह मावळला असेल, कोण जाणे! स्त्री नवे काही करू लागली की प्रथम तिच्या प्रकृतीची काळजी वाहणारे पुढे येतात, हा अनुभव काही एकट्या इंग्लंड-अमेरिकेचा नाही.

अशा काळात सायकल शिकलेल्या एका प्रौढ बाईंची हकीकत मुद्दाम सांगण्याजोगी आहे. फ्रान्सिस विलर्ड या अमेरिकेतील स्त्रियांच्या मद्यपाननिषेधक संघाच्या अध्यक्षा. १८३९ सालचा त्यांचा जन्म. हे नाव महाराष्ट्राला अगदीच परके नाही. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या, तेव्हा त्यांचा या संघाशी निकटचा संबंध आला होता, आणि १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' या मराठी पुस्तकात त्यांनी त्याची माहिती दिली आहे.

विलर्डबाईंच्या मातोश्री १८९२ साली वारल्या. दुःखाने आणि अतिश्रमाने बाई खचल्या. त्या इंग्लंडमध्ये आपली मैत्रीण लेडी हेन्री सॉमरसेट यांच्याकडे राहिल्या असता, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी सायकल शिकावयास घेतली. सायकल मैत्रिणीनेच भेट दिलेली. बाईंनी तिचे नाव 'ग्लॅडिस' ठेवले. आरंभी तीन धट्ट्याकट्ट्या तरुणांनी यंत्र धरून ठेवले, तेव्हा कुठे बाई बैठकीवर चढल्या. मग आधार देणारे हात हळूहळू कमी होत गेले. रोज दहापंधरा मिनिटे, असे सुमारे तीन महिने. एवढ्यात त्या स्वतः चढून, स्वतः चालवून, स्वतः उतरू लागल्या. १८९५ साली त्यांनी या शिक्षणावर एक लहानसे पुस्तक लिहिले आणि ते खूप वाचले गेले. त्यातला बोध असा की शिकणारीला घाई करावयाची नसते, आणि शिकवणाऱ्याने हसावयाचे नसते. तीन महिन्यांच्या त्या दहापंधरा मिनिटांची बेरीज केली तर ती वीस-बावीस तासांपलीकडे जात नाही. एवढ्या वेळात आपण एक स्वेटरदेखील पुरता विणीत नाही!

एकटीने शिकणे एक, आणि मिळून जाणे दुसरे. त्यासाठी संस्था लागतात. इंग्लंडातील सायकलस्वारांचा मोठा प्रवासी क्लब १८७८ साली निघाला आणि त्याने १८८० पासून स्त्रियांना सभासद करून घेतले. परंतु पुरुषांच्या सहली वेगाच्या असत. संध्याकाळपर्यंत किती मैल झाले, हीच तेथील फुशारकी. म्हणून १८९२ साली लिलियस कॅम्पबेल डेव्हिडसन या लेखिकेने स्त्रियांचा स्वतंत्र सायकलसंघ काढला. स्त्रियांनी स्त्रियांसाठी चालवलेल्या सायकलसंस्थांपैकी ही अगदी आरंभीची होय. अमेरिकेत १८९६ साली मारिया वॉर्ड यांनी स्त्रियांसाठी सायकलीवर पुस्तक लिहिले. त्यात कसे बसावे, काय नेसावे एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. पाना कसा धरावा, साखळी कशी ताणावी, टायर कसा दुरुस्त करावा हेही त्यांनी छायाचित्रांसह सांगितले. वाटेत गाडी मोडली तर पुरुषाची वाट पाहत उभे राहू नये, हा त्यांचा रोख.

कपड्यांवरून तर कोर्टकचेरीपर्यंत पाळी आली. १८९८ साली लेडी हार्बरटन या बाई पायघोळ विजारीसारखा पोषाख घालून सायकलीने एका उपाहारगृहात गेल्या. तेथील मालकिणीने त्यांना मुख्य दालनात बसू दिले नाही. वरील क्लबाने खटला भरला. १८९९ साली निकाल मालकिणीच्या बाजूने लागला. खटला हरला, पण प्रश्न गाजला. लक्षात घ्यावयाचे ते हे की बाई एकट्या पडल्या नाहीत, त्यांच्यामागे संस्था उभी राहिली.

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्याकडे सायकल प्रथम साहेबांची, मग कारकुनांची आणि विद्यार्थ्यांची झाली. स्वातंत्र्यानंतर येथेच कारखाने निघाले. १९५१ साली सोनिपतला अ‍ॅटलस आणि १९५६ साली लुधियान्यात हिरो सायकली बनू लागल्या. पुणे तर सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाई. तासाच्या भाड्याने सायकली देणारी दुकाने पेठापेठांतून होती. शिक्षिका, परिचारिका, कॉलेजकन्यका सायकलीवरून जात. मग १९७२ साली पुण्याचीच लुना आली, स्कूटरी वाढल्या, आणि रस्ते भरून गेले. स्त्रियांची सायकल सुटली ती त्यांच्या अंगात बळ उरले नाही म्हणून नव्हे, रस्त्यावर जागा उरली नाही म्हणून. स्वतःला दोष देणाऱ्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावे.

ज्या वेळी शहरांतून स्त्रियांची सायकल मागे पडत होती, त्याच सुमारास तमिळनाडूतील पुदुक्कोट्टै या गरीब जिल्ह्यात एक नवल घडले. तेथे १९९१ साली साक्षरतेची मोहीम निघाली. तिचे नाव 'अरिवोळी इयक्कम्', म्हणजे ज्ञानप्रकाशाची चळवळ. शीला रानी चुंकत या तेव्हा जिल्हाधिकारी होत्या. अक्षरे शिकवावयास गावोगाव जाणाऱ्या स्त्रियांना जाण्यायेण्याचे साधन हवे, या विचारातून सायकल शिकवणे हे मोहिमेचेच अंग झाले. शेतमजूर बाया, खाणीत दगड फोडणाऱ्या बाया, अंगणवाडीच्या सेविका, शिक्षिका अशा सगळ्या शिकू लागल्या. जी शिकली ती दुसरीला शिकवू लागली.

या चळवळीचा वृत्तांत पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहिला असून तो १९९६ साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकात आहे. त्यांनी दिलेले आकडे असे: एक लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या, दहा वर्षांखालील मुली वगळल्या तर जिल्ह्यातील ग्रामीण स्त्रियांपैकी हे प्रमाण एक चतुर्थांशाहून जास्त. त्यांतील सत्तर हजारांवर स्त्रियांनी जाहीर प्रदर्शनांत आणि स्पर्धांत आपले कसब दाखवले. १९९२ च्या महिलादिनी दीड हजारांहून अधिक स्त्रिया हँडलला झेंडे लावून, घंट्या वाजवीत पुदुक्कोट्टै शहरातून गेल्या, तेव्हा गाव थक्क होऊन पाहत राहिले.

टिंगल झाली नाही असे नाही. घाणेरडे शेरेही कानांवर आले. परंतु एकटीला मारलेला टोमणा शंभर जणींवर मारता येत नाही. शिवाय या बायांना सायकल हौसेपुरती नको होती. पाणी आणावयाचे, भाजी विकावयास दोन गावे अधिक करावयाची, मुलाला सोबत न्यावयाचे, एसटीची वाट पाहण्यात जाणारा वेळ वाचवावयाचा, असे तिचे उपयोग. लेडीज सायकलींचा तुटवडा पडला तेव्हा त्यांनी दांडीच्या पुरुषी सायकली घेतल्या. कित्येकींना तर त्याच पसंत पडल्या, कारण दांडीवर मूल बसवता येते!

पुढे २००६ साली बिहार सरकारने नववीतील मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना काढली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा मुलींचे माध्यमिक शाळेतील प्रवेश सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. याचे एक कारण असे की एका गावच्या मुलींना एकाच वेळी सायकली मिळत आणि त्या घोळक्याने शाळेत जात. मिळून गेल्याने वाट सुरक्षित होते, हे तत्त्व येथेही दिसले.

अलीकडच्या काळात हेच तत्त्व निरनिराळ्या देशांत मुद्दाम योजून वापरले गेले. इंग्लंडात २०११ साली केवळ स्त्रियांसाठी विनामूल्य सायकलफेऱ्यांचा उपक्रम निघाला. फेरी नेणाऱ्या स्वयंसेविकांना आधी शिक्षण दिले जाते, आणि कोणालाही मागे टाकून जावयाचे नाही हा दंडक असतो. तुर्कस्थानात इझमीर येथे २०१३ साली सेमा गुर या इतिहासाच्या शिक्षिकेने एक फेरी काढली. तिचा नियम मोठा गमतीचा. शर्यतीचे तंग कपडे घालावयाचे नाहीत, सणाला जावे तसे नटूनथटून यावयाचे आणि सायकलीही फुलांनी सजवावयाच्या. ती फेरी पुढे अनेक देशांत पसरली. अमेरिकेत मार्ली ब्लॉन्स्की आणि केली कॉर्नहाउझर या दोघी स्वतःला सरळ लठ्ठ म्हणवून घेतात. २०२१ साली त्यांच्या प्रवासावर एक लघुपट निघाला. त्यांचे सांगणे एवढेच की बारीक होईपर्यंत थांबू नका, आहे त्या देहाने आजच बसा. वजन उतरो वा न उतरो, हवा खाणे, गप्पा मारणे आणि आपल्या पायांनी लांब जाऊन येणे हा आनंद त्यावर अवलंबून नाही.

या साऱ्या इतिहासातून व्यवहारात उतरवण्याजोगे काही नियम निघतात. ते येथे एकत्र देते.

ज्यांना सायकल मुळीच येत नाही त्यांच्यासाठी जाणत्या शिक्षकांची पहिली युक्ती म्हणजे पायडले काढून ठेवणे आणि बैठक इतकी खाली घेणे की दोन्ही पाय जमिनीला टेकावेत. मग पायांनी रेटीत चालावयाचे आणि तोल आला की पाय उचलावयाचे. तोल साधला की पायडले पुन्हा बसवावयाची. वाचकभगिनींच्या ध्यानात आलेच असेल की ही १८१७ सालच्या ड्राइसच्याच गाडीची रीत आहे. नजर चाकाकडे नव्हे, समोर ठेवावी. जिकडे नजर तिकडे सायकल जाते. पुढे सराव झाल्यावर बैठक थोडी उंच करावी. फार खाली बसल्याने गुडघ्यांवर ताण येतो.

वजनाविषयी उगाच काळजी नको. आपल्या काळ्या भक्कम सायकलीच्या जुन्या घडणीत पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० आरे असतात. हीच सायकल दूधवाल्याचे भरलेले हंडे आणि गॅसचे सिलिंडर वाहते. ती आपल्याला वाहणार नाही काय? मात्र हवा नीट भरलेली असावी. वजन अधिक आणि हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब चिमटून पंक्चर होते. नव्या हलक्या सायकली घेताना त्या किती भार पेलतात हे दुकानात विचारून घ्यावे. फार मऊ गादीही फसवी. पहिल्या मैलाला सुखाची, चौथ्याला त्रासाची. हृदयाचा, रक्तदाबाचा किंवा गुडघ्यांचा विकार असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच आरंभ करावा.

फेरी काढावयाची तर वेग सर्वांत सावकाश येणाऱ्या भगिनीचा. वाट माहीत असलेली एक जण आघाडीला आणि एक पिछाडीला असावी. पिछाडीची भगिनी शेवटच्या भगिनीला ओलांडून कधीही पुढे जाणार नाही. सर्वांत हळू येणारीला मागे न ठेवता आघाडीच्या पाठोपाठ दुसरी ठेवावी, म्हणजे वेग आपोआप आवरतो. पहिली फेरी चारपाच किलोमीटरांची, सपाट रस्त्याची, सकाळच्या विरळ रहदारीची असावी. शक्यतो डावीकडची वळणे असलेली आणि घराजवळून फिरून येणारी वाट घ्यावी, म्हणजे जिला थांबावेसे वाटेल तिला थांबता येईल. चढ आला की सगळ्यांनीच उतरून चालावे; एकटीला उतरावे लागले तर तिला लाज वाटते, सगळ्या उतरल्या की गप्पा रंगतात.

आणि एक चूक सगळीकडे होते, ती टाळावी. पुढच्या बायका थांबतात, दम खातात, आणि शेवटची येऊन पोचली की लगेच "चला" म्हणून निघतात. म्हणजे जिला विसाव्याची सर्वांत अधिक गरज, तिलाच तो मिळत नाही. शेवटची आल्यानंतर विसावा सुरू होतो, असे समजावे. फेरी कोणासाठी काढली आहे, याची परीक्षा येथेच होते. दिंडीत म्हातारीकोतारी माणसेही पंढरीला पोचतात, ती काही वेगाच्या बळावर नव्हे. दिंडीची चाल त्यांना सोसेल अशी असते म्हणून.

मंडळ म्हणजे तरी दुसरे काय? एकटीला जे जमत नाही, किंवा जमेल असे वाटत नाही, ते चौघींत बसून करता यावे म्हणून आपण मंडळ काढतो. शिवण असो, भजन असो, भिशी असो, नवीन येणारीला हाताला धरून घेणे ही आपली रीत आहे. तीच रस्त्यावर न्यावयाची. विलर्डबाईंना त्रेपन्नाव्या वर्षी आधाराचे हात मिळाले, पुदुक्कोट्टैच्या बायांना एकमेकींचे मिळाले. आपल्या वस्तीत घरोघरी जिन्याखाली धूळ खात पडलेल्या सायकली आहेत. त्यांत हवा भरावयास फार खर्च येत नाही. येत्या वर्षाच्या कार्यक्रमांत एका सावकाश सायकलफेरीला जागा मिळावी, अशी कार्यकारिणीला विनंती करून आणि सर्व भगिनींना वर्धापनदिनाच्या शुभेच्छा देऊन हा लेख पुरा करते.